न ऐकलेलं नाव



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, आयुष्यभर प्रमाणमीमांसा शिकवलीत, आणि आता स्पीकर कुठला घ्यावा ते सांगणार?" मी म्हटलं, अरे बाबा, प्रमाणमीमांसा म्हणजे दुसरं काय असतं? आपल्याला कळलंय असं जे वाटतं ते खरंच कळलंय का, आणि कशावरून, एवढाच तर प्रश्न. तो आम्ही घटावर शिकवला, पटावर शिकवला, डोंगरावरच्या धुरावर शिकवला. आज एका लाकडी पेटीवर बघू.

निमित्त घरगुती आहे. माझे एक मित्र, माझ्याच वयाचे, गणित शिकवायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, गाणं शिकवायच्या. मैफली फारशा केल्या नाहीत, पण घरातली शिकवणी चाळीस वर्षं चालू होती, आणि शिकवताना टेपरेकॉर्डर सुरू ठेवायची त्यांची पद्धत होती. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मागे साठ-सत्तर कॅसेटी राहिल्या. त्यांच्या एका शिष्येनं महिनाभर खपून त्या सगळ्या संगणकावर उतरवून घेतल्या. आता त्या ऐकायच्या कशावर? मित्राकडे एक मोबाइल आणि टीव्हीखाली ठेवतात तो पट्टीसारखा स्पीकर. त्यावर वहिनींचा आवाज "दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो रे" असं ते मला म्हणाले. तेव्हा ही खरेदी शौकाची नव्हती, हे आधी लक्षात घ्या.

मुलगा परदेशात. त्यानं फोनवर एका कंपनीचं नाव सांगितलं. बाबा, डोळे मिटून घ्या. नाव तुम्हा-आम्हा सगळ्यांना माहीत असलेलं, विमानतळावरसुद्धा ज्याची पाटी दिसते असं. आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं ते दाखवलं आणि म्हणाला, "काका, याच पैशात हेही बघा. वॉर्फडेल." मित्र माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे.

"तू ऐकलंयस कधी हे नाव?"

"नाही बुवा."

"मग नको."

दोन मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. पण 'नाव ऐकलेलं नाही, म्हणून नको' हे वाक्य मला बोचायला लागलं. व्यवसायाची खोड म्हणा. हे अनुमान आहे ना? हेतू दिला, निष्कर्ष काढला. पण व्याप्ती कुठे आहे? जे जे मी ऐकलेलं नाही ते ते टाकाऊ, असा नियम कुणी, कधी पाहिला?

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती सहा प्रमाणं मानतात. त्यातलं सहावं अनुपलब्धी. या टेबलावर घडा नाही, हे मला कसं कळलं? तर घडा दिसत नाही यावरून. ठीक. पण खोलीत अंधार असेल तर? तेव्हाही घडा दिसत नाहीच, तरी 'घडा नाही' असं मी म्हणू शकत नाही. परमाणू दिसत नाही म्हणून परमाणू नाही, असंही नाही. म्हणून ते एक अट घालतात, योग्यानुपलब्धी हवी. म्हणजे वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. तरच न दिसणं हा तिच्या नसण्याचा पुरावा. माझ्या मते आपल्या परंपरेतल्या सर्वांत उपयोगी कल्पनांपैकी ही एक आहे, आणि आपण ती परीक्षेपुरती वापरून सोडून दिली.

आता ती दुकानात आणा. 'हा स्पीकर चांगला असता तर त्याचं नाव मी ऐकलंच असतं' हे खरं आहे का? माझ्या कानावर नावं कशी येतात? माझ्या लहानपणी घरात मर्फी, फिलिप्स, बुश हे रेडिओ; ज्यांची ऐपत त्यांच्याकडे एचएमव्हीचा रेडिओग्राम. नंतर मुंबईचं कॉस्मिक, कोलकात्याचं सोनोडाइन. सोनोडाइन १९७० साली सुरू झालं. ज्यांना हात काळे करायची हौस होती ते लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून सुताराकडून पेटी करून घ्यायचे. परदेशी माल १९९१च्या आधी परवाने आणि जकातीच्या भिंतीपलीकडे होता. कुणाचा मेहुणा आखातातून येताना काय घेऊन आला, त्यावर गल्लीचं ज्ञान ठरायचं. १९९१ नंतर नावं आली, ती ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसा होता त्यांची. म्हणजे आमची खोली आधी अंधारात होती, मग तिच्यात एकदोन कोपऱ्यांवर झगझगीत दिवे लागले. अशा खोलीत बसून 'मला दिसलं नाही, सबब नाही' म्हणणं कितपत खरं?

आणि 'अप्रसिद्ध' हा शब्दच बघा. वजन, उंची, लाकडाची जाडी हे पेटीचे गुण आहेत. अप्रसिद्ध असणं हा पेटीचा गुण नाही. तो ती पेटी आणि मी यांच्यातला संबंध आहे, आणि त्यातही जास्त माहिती माझ्याबद्दल सांगतो. पुण्यात जे नाव कुणाला ठाऊक नाही ते ब्रॅडफर्डमध्ये आजोबांच्या पिढीला पाठ असू शकतं. वॉर्फडेलच्या बाबतीत तसंच निघालं.

घरी येऊन मी वाचायला लागलो. उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कशर. तिथे वॉर्फ नावाची नदी, तिच्या खोऱ्याला वॉर्फडेल म्हणतात. त्या खोऱ्यात इल्क्ली नावाचं गाव. गिल्बर्ट ब्रिग्ज म्हणून एक गृहस्थ, मूळचे कापडाच्या व्यापारातले, त्यांनी १९३२ साली घराच्या तळघरात पहिला स्पीकर बनवला. वय बेचाळीसच्या आसपास. म्हणजे नवीन उद्योगाला निघायचं वय नव्हे. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्ड रेडिओ सोसायटीची स्पर्धा झाली, तिच्यात यांच्या स्पीकरांना पहिलं आणि दुसरं अशी दोन्ही बक्षिसं मिळाली. मला हा माणूस आवडला तो वेगळ्या कारणासाठी. पेटीचं लाकूड आवाजाबरोबर थरथरतं आणि स्वतःचा आवाज त्यात मिसळतं, यावर त्यांनी काय करावं? दोन फळ्यांमध्ये पोकळी ठेवून तिच्यात वाळू भरली! वाळू थरथर खाऊन टाकते. पेटी उचलायला दोन माणसं लागत असतील, पण विचार किती सरळ आहे.

त्याहून महत्त्वाचं, १९५४ साली त्यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लोकांना बोलावलं आणि रंगमंचावर खरे वादक आणि शेजारी स्पीकर असा सामना लावला. आधी प्रत्यक्ष वादन, मग त्याचंच ध्वनिमुद्रण. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हेच. अॅम्प्लिफायर होते क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांचे. आपला दावा हजारो लोकांसमोर, खोटा पडू शकेल अशा रीतीनं मांडणं, याला मी बौद्धिक प्रामाणिकपणा म्हणतो. विक्रीही होती त्यात, नाही कशाला म्हणू. पण विक्रीसाठी अशी जोखीम घेणारे थोडे.

एवढं सगळं मी उत्साहात मित्राला सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "अस्सं! इंग्रज कंपनी, १९३२ची? मग हाच घेऊ या."

(हशा)

हसू नका, तुम्हीही हेच केलं असतं. मीही आतून तिकडेच झुकलो होतो. पण बघा काय झालं. सकाळी नाव माहीत नव्हतं म्हणून नको होता. संध्याकाळी नावाची गोष्ट कळली म्हणून हवा झाला. मधल्या वेळात पेटीबद्दल आम्हाला काय नवीन कळलं? काहीच नाही. कानावर एक स्वरही पडलेला नव्हता.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कुठला? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? दांडी? राजाला प्रत्येक वेळी 'नाही' म्हणावं लागतं. शेवटी 'रथ' हे या सगळ्याला धरून चालवलेलं एक नाव आहे, एवढंच उरतं. मग विचारा, वॉर्फडेल कुठलं? ब्रिग्ज यांनी १९५८ साली कंपनी रँक या मोठ्या उद्योगसमूहाला विकली. ते स्वतः १९७८ साली वारले. मधे आणखी हात बदलले. आज हे नाव आयएजी नावाच्या उद्योगाकडे आहे, मालक बर्नार्ड आणि मायकेल चँग हे जुळे भाऊ, कारखाना चीनमध्ये. आराखड्याचं काम इंग्लंडमध्ये होतं. गंमत अशी की क्वाड हे नावही आता त्याच घरात आहे. लीक, मिशन, ऑडिओलॅब हीसुद्धा. फेस्टिव्हल हॉलमध्ये शेजारी उभे राहिलेले दोन स्वतंत्र कारागीर आज एका मालकाच्या दोन पाट्या आहेत. तळघर गेलं, माणूस गेला, वाळू गेली. राहिलं काय, तर नाव.

मी हे चीनला नाव ठेवायला सांगत नाही. उलट. आजच्या या पेट्यांमध्ये जे काही चांगलं आहे, त्याचं कारण बहुतांशी तिथेच सापडतं. शंकू, चुंबक, वेटोळी, लाकडी पेटी हे सगळं एकाच छत्राखाली, मोठ्या संख्येनं बनतं. सुटे भाग चार ठिकाणांहून विकत घेऊन जोडणाऱ्या छोट्या कारखान्याला त्या किमतीत तो माल देणं अवघड. शिवाय चांगला स्पीकर कसा असावा, याचं शास्त्र आता कुणा एकाच्या तळघरातलं गुपित राहिलेलं नाही. म्हणून किमतीच्या मानानं माल चांगला निघतो. पण जाहिरात काय सांगते? वारसा! २०१९ साली त्यांनी 'लिंटन' हे साठच्या दशकातलं नाव पुन्हा बाजारात आणलं, पुढे 'हेरिटेज' हा शब्द लावून. अक्रोडाचं अस्तर, जुन्या धर्तीची रुंद पेटी, आठ इंची वूफर, पाच इंची मधला, वर रेशमासारख्या मऊ घुमटाचा ट्वीटर. पेटी देखणी आहे. पण तिच्या आतलं जे आहे ते आजचं आहे, आणि ते आजचं आहे म्हणूनच कामाचं आहे. चेहरा आजोबांचा, फुप्फुसं नातवाची.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे गेटियर आठवला असेल. १९६३ साली त्यानं तीन पानांचा निबंध लिहिला आणि आमच्या विषयाला साठ वर्षं पुरेल एवढं काम लावून दिलं. एखादी गोष्ट खरी आहे, तुम्ही ती मानता, मानायला तुमच्याकडे कारणही आहे. तरी ते ज्ञान नसू शकतं, कारण तुमचं कारण आणि ती गोष्ट खरी असण्याचं कारण यांची गाठच पडलेली नसते. '१९३२पासूनची इंग्रज कंपनी, म्हणून चांगला' असं म्हणून जो हा स्पीकर घेतो, त्याला बहुधा चांगलाच स्पीकर मिळतो. पण त्याला कळलेलं काही नसतं. पुढच्या वेळी अशाच एखाद्या जुन्या नावाची पाटी कुणी टुकार पेटीवर लावली, तर तो तितक्याच आनंदानं फसेल. जुन्या नामांकित रेडिओ कंपन्यांची नावं विकत घेऊन कुठल्याही मालावर चिकटवण्याचा धंदा जगभर चालतो.

मग विश्वास कुणावर ठेवायचा? प्रत्येकानं सगळं स्वतः ऐकून ठरवावं, हे बोलायला ठीक आहे. ते शक्य नसतं. आपल्या ज्ञानाचा मोठा भाग दुसऱ्याच्या शब्दावर उभा आहे. न्यायसूत्रकार म्हणूनच शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानतात, पण शब्द कुणाचा, तर आप्ताचा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, परदेशातला मुलगा नव्हे! वात्स्यायनाचं म्हणणं असं की ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा काळ, आणि माणूस सांगतो की कुळ बघू नका. या कसोटीवर स्पीकरांची परीक्षणं लावा. लिहिणाऱ्यानं पेटी स्वतः ऐकली का? कुठल्या दुसऱ्या पेटीच्या शेजारी ठेवून? ज्या पानावर परीक्षण त्याच्या समोरच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात असेल तर जसं जाणलं तसं सांगण्याची इच्छा किती उरते? मी परीक्षणांत एक साधी गोष्ट शोधतो. यात एखादं वाक्य असं आहे का, जे विक्रेत्याला आवडणार नाही? नसेल तर पान उलटावं.

असं वाक्य लिहिण्याची किंमत काय असू शकते, याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. ग्राहकांच्या संघटनेच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकानं १९७० साली बोस कंपनीच्या ९०१ या स्पीकरवर लिहिलं. ते मासिक जाहिराती घेत नाही. लेखात म्हटलं होतं की यातून वाद्यांचे आवाज खोलीभर भटकल्यासारखे वाटतात. कंपनीनं खटला भरला. वाद काय, तर आवाज 'खोलीभर' भटकत नाही, दोन स्पीकरांमधल्या भिंतीच्या कडेनं सरकतो! खालच्या न्यायालयानं कंपनीची बाजू घेतली, वरच्यानं फिरवली, आणि १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मासिकाच्या बाजूनं निकाल दिला. म्हणणं साधारण असं की लेखकाचा शब्द चुकला असेल, पण चुकीचा शब्द म्हणजे जाणूनबुजून खोटं बोलणं नव्हे. ऐकलेलं शब्दांत पकडणं अवघड आहे, हे न्यायमूर्तींनी मान्य केलं याचं मला कौतुक वाटतं. एका वाक्यासाठी चौदा वर्षं. मला विचाराल तर ग्राहकांच्या इतिहासात या खटल्याचा धडा हवा.

आता समजा आप्त भेटला नाही. मग प्रत्यक्ष. इथेही सावध. कान डोळ्यांचं ऐकतात. फ्लॉइड टूल हे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत स्पीकरांवर संशोधन करत होते. त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस माणसं, चार स्पीकर. एकदा पडद्याआड, एकदा समोर दिसताना. दिसताना मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण चढले आणि छोट्या स्वस्त संचाचे घसरले. स्वर तेच. बरं, ही चाळीस माणसं कोण? त्याच कंपनीत काम करणारी. ज्यांचा दिवस स्पीकरांत जातो त्यांची ही गत, तर आपण दोघं निवृत्त मास्तर दुकानातल्या मखमली खोलीत बसून काय ठरवणार?

म्हणून आम्ही दुकानदाराला विनंती केली. भला माणूस, त्यानं दोन्ही जोड दोन दिवसांसाठी घरी पाठवले. मित्राच्या बैठकीच्या खोलीत दोरी बांधली, तिच्यावर जुनी चादर टाकली. वहिनींच्या त्या शिष्येला बोलावलं. शेजारच्या मुलानं पलीकडे बसून तारा बदलायच्या आणि फक्त 'अ', 'ब' म्हणायचं. दोन्हींचा आवाज आधी मोबाइलवर मोजून सारखा केला, कारण जो स्पीकर किंचित मोठ्यानं वाजतो तोच आपल्याला 'जास्त चांगला' वाटतो. दुकानात हीच खोडी चालते, कधी मुद्दाम, कधी नकळत.

आणि इथे मला माझी एक अडचण सांगायला हवी. मागच्या वर्षी माझ्या कानाची तपासणी झाली. त्या कागदावर चार हजार हर्ट्झच्या पुढे रेघ जिना उतरावा तशी खाली जाते. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारापर्यंत ऐकतो म्हणतात. माझ्यासाठी ट्वीटरचा वरचा अर्धा भाग नुसती शोभा आहे. ह्यूमनं १७५७ सालच्या रसिकतेवरच्या निबंधात चांगल्या परीक्षकाची लक्षणं सांगितली, सराव हवा, तुलना हवी, पूर्वग्रह नको. पण त्याच्याही आधी इंद्रिय निरोगी हवं. सराव आणि तुलना मी दाखवू शकतो. कान कुठून आणू? पन्नास वर्षं मैफली ऐकलेला माणूस आणि पंचविशीतलं कुणीतरी, यात आप्त कोण? मला वाटतं, दोघं मिळून एक आप्त होतो.

पहिल्यांदा तंबोरा लावला. मुद्दाम. तंबोऱ्याच्या जवारीत स्वरांचे वरचे सगळे अंश एकदम फुलतात, आणि वरच्या भागात स्पीकरनं थोडी जरी लुडबुड केली तरी तो तंबोरा राहत नाही. मला 'अ' आणि 'ब' जवळजवळ सारखे. मित्राला 'अ' थोडा उठावदार वाटला. शिष्या म्हणाली, "काका, 'अ' मध्ये जवारी पत्र्यासारखी वाजतेय." आम्ही दोघांनी मान हलवली, म्हणजे काही कळलं नाही. तबल्याला मात्र मित्रानं ठामपणे 'अ' निवडला, डग्गा जास्त भरून येतो म्हणून. वहिनींचा आवाज लावला तेव्हा शिष्येनं पाचपैकी पाच वेळा 'ब' म्हटलं, मित्रांनी चार वेळा. मी तीन, म्हणजे नाणं उडवलं तरी साधारण तेवढंच.

ह्यूमच्या त्याच निबंधात सांचो पान्झाच्या नातेवाइकांची गोष्ट आहे. पिंपातली दारू चाखून एक म्हणतो, चांगली आहे, पण चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणतो, लोखंडाचा. सगळे दोघांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. आमच्याही पिंपात अर्धी किल्ली सापडली. कुणीतरी मोजून काढलेला 'अ'चा आलेख शिष्येनं शोधून आणला. तीन-चार हजाराच्या आसपास त्याला उंचवटा होता. पत्रा तो. मित्राच्या आणखी एका तक्रारीला, 'अ मध्ये ती लांब बसल्यासारखी वाटते', मात्र कुठल्याही आलेखात काही सापडलं नाही. ती तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही.

चादर काढली. 'ब' म्हणजे वॉर्फडेल. पण लगेच गाडी फॅक्टरीपर्यंत नेऊ नका. भिंतीला टेकवून ठेवल्याबरोबर खोली खालच्या स्वरांत घुमायला लागली, दोन्ही जोडांनी. फरशी उघडी, भिंती उघड्या, आपल्याकडची खोली म्हणजे पाण्याची टाकी. खालचे स्वर कसे ऐकू येतील हे निम्म्याहून जास्त खोलीच ठरवते. पेट्या दीड फूट पुढे ओढल्या, जमिनीवर सतरंजी घातली, मागच्या भिंतीशी पुस्तकांचं कपाट सरकवलं. या सगळ्याचा खर्च शून्य, आणि फरक 'अ' आणि 'ब'मधल्या फरकाइतकाच. हे कुठली कंपनी सांगेल?

मोल ठरवताना आणखी एक गोष्ट मी विचारली, ती दुकानदारालाही नवीन होती. वूफरच्या शंकूभोवतीची कडा फोमची की रबराची? फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो; दमट हवेत, आपल्या कोकणात तर आणखी लवकर. रबर टिकतं. कडा बदलून देणारा कारागीर गावात आहे का? वरच्या किमतीत जकात किती, मधल्यांची कमाई किती? अप्रसिद्ध नावाचा एक खरा तोटा इथे आहे, आणि तो लपवू नये. उद्या विकायला काढला तर प्रसिद्ध नावाला गिऱ्हाईक पटकन मिळतं. माझ्या मित्राला विकायचा नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी तो तोटा शून्य. तुमच्यासाठी नसेल. मोल पेटीवर छापलेलं नसतं ते यामुळे.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, मग तुमच्या मित्रांना आवाज आवडला का शेवटी?)

हो, सांगायचं राहिलं. पहिल्या रात्री त्यांचा फोन आला, चिडलेले. "अरे, हा तर जास्त खरखरतो! टेपचा 'सूं' आधी एवढा नव्हता." मी म्हटलं, आधीही होता, आधीचा स्पीकर झाकत होता. चांगल्या आरशात सुरकुत्या जास्त दिसतात. दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. कुठल्याशा भूपाच्या शिकवणीत वहिनी मधेच थांबतात, एका मुलीला रागावतात, आणि लांबून, बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून, एक पुरुष विचारतो, "चहा टाकू का?" इतकी वर्षं ती कॅसेट घरात होती, आणि तो प्रश्न त्यांनी पहिल्यांदा ऐकला. आवाज त्यांचाच, पस्तीस वर्षांपूर्वीचा.

(आणखी एक प्रश्न : दुकानात जाताना आम्ही काय न्यावं?)

जिचा खरा आवाज तुम्ही समोर बसून ऐकलाय अशा व्यक्तीचं ध्वनिमुद्रण न्या. घरातलंच कुणीतरी असेल तर उत्तम. चित्रपटाचं गाणं नको, त्याचा खरा आवाज कुणालाच ठाऊक नसतो. तिशीच्या आतलं एखादं माणूस बरोबर न्या. आणि एक चादर.

(हशा)

चादर दुकानदार बघतो तेव्हा तोही जरा सरळ बसतो. चला, बाहेर चहा तयार आहे असं दिसतंय.